पाणी उजव्या हाताला

पैनगंगेच्या कोरड्या पात्रात तीन जवान गडी पाठीला ज्वारीची अर्धी पोती बांधून वाळू तुडवताहेत, हे पाहून काठावरचे गुराखी आधी हसले आणि मग जरा घाबरले. कोणी म्हणालं, यांना पलटणीत भरती व्हायचंय. कोणी म्हणालं, नवस असेल. खरी गोष्ट कळली असती तर ते आणखीच हसले असते. भावसिंग, डोंगरसिंग आणि नानाजी समुद्राच्या काठाकाठानं चालायचा सराव करत होते. तिघांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता. त्याच्या काठी वाळू असते एवढं कानावर होतं, आणि उमरखेडच्या आसपास वाळू म्हणजे पैनगंगेची. मग सराव दुसरीकडे कुठे करणार?

"पोटऱ्या भरून आल्या बे," डोंगरसिंगनं पोतं खाली टाकलं. "समुद्राले डांबराचा रस्ता नाही का?"

"तुले कोनं बोलावलं होतं? घरी बस अन् बायकोच्या हातची भाकर खा," नानाजी म्हणाला.

"समुद्र पाह्यल्याबिगर मी काही घरी बसत नाही. आधी आपन नागपूरवाल्याचे होतो, मंग मुंबईवाल्याचे झालो, आता महाराष्ट्र झाला. समुद्र घरचा झाला लेका. घरचा समुद्र पाहू नये का मानसानं?"

नानाजी हसला. भावसिंग मात्र पोतं न टाकता तसाच पुढे चालत राहिला. त्याचं चालणं पाहून नानाजीचं हसू ओसरलं.

भावसिंग आणि डोंगरसिंग एका तांड्यातले बंजारी. नानाजी शेजारच्या गावचा कुणबी, कपाशीच्या रानाचा धनी. गावच्या शाळेत चौथीपर्यंत भावसिंग त्याच्या मांडीला मांडी लावून बसला होता आणि दोघांनी गुरुजींच्या छड्याही वाटून खाल्ल्या होत्या. तांडा आणि गाव यांच्यात एक नाला आणि शंभर गोष्टींचं अंतर होतं. ते अंतर या दोघांनी कधी मनावर घेतलं नाही.

आणि ही समुद्राची वाट काही हौसेची नव्हती. भावसिंगचा थोरला भाऊ हरिसिंग एका मुकादमाबरोबर कोकणात मिठागरावर कामाला गेला होता. पहिल्या पावसाळ्यात तो परत आला, तळपायांना मिठानं चिरा पाडलेल्या, पण तोंडभर हसत. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेला तो आलाच नाही. मुकादमानं हात वर केले. म्हणाला, "तुमचा मानूस माहं मिठागर सोडून किनाऱ्यानं खाली कोठी तरी गेला. मी कोनाकोनाच्या मांगं धावू?" तेव्हापासून हरिसिंगची आई मोतीबाई दारात बसून वाट पाही आणि बायको जमनी घरात राबे. ना ती सवाष्णीसारखी सणाला मिरवू शकत होती, ना कोणी तिला रांड म्हणू शकत होतं. दंडापर्यंतचा पांढरा चुडा तिच्या हातात होता, पण तो कोणाच्या नावाचा, जित्याच्या की मेल्याच्या, हे सांगायला कोणी नव्हतं.

शेवटी दिवाळीच्या सुमारास नायकानं पंच बसवले. किसनसिंग नायक म्हातारा झाला होता, पण तांड्यात त्याच्या शब्दावाचून पान हलत नसे. तो म्हणाला, "कपाशी वेचून झाली, होळी झाली, का भावसिंगनं निंघावं. दोन मानसं संगं घ्यावे. समुद्राच्या काठाकाठानं, मिठागर मिठागर इचारत, पार जमीन सरेपर्यंत चालावं. पाऊस पडाच्या आधी परत यावं. हरिसिंग भेटला त घेऊन यावं. नाही भेटला त जमनीचा चुडा उतरवू आन् तिचा पाट भावसिंगसंगं लावू. घरातली बाई घरात राहीन."

नवरा गेला तर धाकट्या दिरानं भावजयीला नांदवायचं, ही रीत जुनी. त्यात नवल कोणालाच वाटलं नाही. जमनीला मात्र कोणी विचारलं नाही. ती पंचांसाठी पाणी घेऊन आली होती. तांब्या ठेवला आणि आत गेली.

भावसिंगच्या छातीत त्या वेळी काहीतरी टुणकन उडालं. आनंदच तो, दुसरं काही नाही. आणि त्या आनंदाची त्याला इतकी लाज वाटली की त्यानं मान वर केली नाही. पंचांना वाटलं, पोरगा भावाच्या दुःखानं खचला. म्हाताऱ्या माणसांना सगळं कळतं असं आपण उगीच समजतो.

भावजयीत जीव गुंतला ही चूक त्याची एकट्याची नव्हती, असं म्हणायला जागा आहे. चालायला निघायचं तर भावाच्या खुणा माहीत हव्यात. अनोळखी मुलखात लोकांना सांगायचं काय? आणि भावापेक्षा बायकोच्या ध्यानात जास्त राहतं. म्हणून सरावाहून आला की चुलीपाशी बसून तो जमनीला विचारी. "भोजाई, हसतानी तो काय करे?"

"तोंडावर हात ठेवे. समोरचा दात पडला होता ना."

"राग आला का?"

"बोले नाही. डावा कान खाजवे. दिसभर खाजवे." आणि मग तिला हसू फुटे. "गानं म्हने तेही उलटं. आधीचं मांगं, मांगचं आधी."

अशा किती संध्याकाळी गेल्या. ती नवऱ्याबद्दल सांगत होती आणि तो तिचा चेहरा पाहत होता. भावसिंगच्या आयुष्यातल्या त्या सगळ्यात सुखाच्या संध्याकाळी, हे त्यालाही माहीत होतं. हरवलेल्या भावाची चौकशी करताना आपण सुखी आहोत, याची त्याला भीती वाटे. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विचारीच.

मग संक्रांतीच्या आधीचा उमरखेडचा बाजार आला आणि सगळंच बिघडलं.

भावसिंग तिथं बैलाच्या वेसणी घ्यायला गेला होता. गुरांच्या बाजारात पुसदकडच्या तांड्यातला एक माणूस गोऱ्हा विकत होता. धरमसिंग त्याचं नाव. बोलता बोलता निघालं की तोही मिठागरावर राहून आलेला. भावसिंगनं भावाचं नाव घेतलं तसा धरमसिंगनं गोऱ्ह्याचा कासरा दुसऱ्याच्या हातात दिला आणि त्याला चिंचेखाली नेलं.

"हरिसिंग जित्ता हाय," तो म्हणाला. "पेणच्या खाली खाडीकाठी एक मिठागर हाय, तेथी राखण करते. मिठानं पाय सडला, दवाखान्यात पंजा कापा लागला. काठी टेकत चालते. म्हने, लंगडा होऊन तांड्यात कोन्या तोंडानं जाऊ? घरी सांगू नको म्हनून माह्याकून आन घेतली त्यानं. पन तू भाऊ हाय त्याचा. तुले नाही सांगाव त कोनाले?"

भावसिंगनं त्याला बिडी दिली. स्वतःचीही पेटवली आणि ओढायची विसरला. धरमसिंगच पुढे म्हणाला, की जायचं तर कल्याणला उतरून पनवेलवरून जा. मुंबईहून रेवसला लाँच जाते, पण ती थेट खाडीच्या पल्याड सोडते, मग पेण बाजूला राहते.

हे त्यानं मदत म्हणून सांगितलं. भावसिंगनं त्यातलं नेमकं उलटं उचललं.

घरी येईपर्यंत त्यानं ठरवलं होतं की आज आईला सांगायचं. नाल्यापाशी आला तेव्हा ठरवलं, उद्या सांगू. दाराशी जमनी धान्य पाखडत होती. तिनं मान वर करून "आला का?" एवढंच विचारलं, आणि भावसिंगच्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. तो उद्या काही उगवला नाही. चार दिवसांनी त्यानं दोस्तांना सांगितलं, "पनवेलवरून कायले जायचं? मुंबईले गेलो का लाँच भेटते. थेट रेवस. तेथून अलिबाग, मंग खाली खाली."

"लाँच म्हंजे नाव?" डोंगरसिंगचे डोळे चमकले. "पान्यावर चालनारी? बापा! मंग लाँचच पायजे."

नानाजीनं जरा विचार केला. "पन पेणकडची मिठागरं सुटतात ना यानं?"

"तेथी मुकादमानं पाह्यलं हाय," भावसिंग म्हणाला. खोटं बोलायला फार मेहनत लागत नाही हे त्याला त्या दिवशी कळलं. आता तो समुद्राच्या काठानं मैलच्या मैल चालणार होता, मिठागर सोडणार नव्हता, प्रत्येक माणसाला विचारणार होता. भावाला अगदी मन लावून शोधणार होता, जिथे भाऊ नाही तिथे.

तयारीला जोर आला. नायकाच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ लादून आणलेलं, त्यामुळे समुद्राच्या बाबतीत नायक स्वतःला जाणकार समजे. रोज एक नवी सूचना काढी. "जातानी पानी सदा उजव्या हाताले ठेवजा, येतानी डाव्या हाताले. चुकाचं काम नाही." "भरतीच्या येळी पान्याकडे पाठ करू नका." मोतीबाईनं फडक्यात मीठ बांधून दिलं तेव्हा डोंगरसिंगनं कपाळाला हात लावला.

"काकी, मिठागरावर मीठ घेऊन जायचं का आमी?"

"परक्याच्या मिठावर कायले राहायचं?" म्हातारी म्हणाली. तिच्यापुढे कोणाचं चालणार? मीठ बोचक्यात गेलं. त्याच्यासोबत ज्वारीच्या वाळवलेल्या बाट्या, लसणाचं तिखट, भाजलेलं पीठ आणि हरिसिंगसाठी नवं धोतर. धोतराची घडी मोतीबाईनं स्वतः घातली आणि त्यावर हात फिरवत बसली. भावसिंग उठून बाहेर गेला.

आताशा रात्री त्याला झोप लागत नव्हती आणि दिवसा जेवण जात नव्हतं. कधी वाटे, आत्ता ओरडून सांगावं. मग दुसरं मन म्हणे, अरे, त्यालाच यायचं नाही. त्यानंच आण घातली. तू त्याचा शब्द राखतो आहेस. असं मन फार गोड बोलतं. आणि मध्येच डोळ्यांपुढे काठी टेकत चालणारा हरिसिंग येई, ज्यानं लहानपणी त्याला खांद्यावर बसवून याच पैनगंगेतून पलीकडे नेलं होतं.

होळी आली. तांड्यात होळी म्हणजे सगळ्यांत मोठा सण. बायका गोल धरून नाचल्या, बाप्यांनी डफ वाजवले. जमनी नाचली नाही. ती झोपडीमागे एकटी बसून रडत होती आणि भावसिंग कुडाआडून पाहत होता. एक शब्द सांगितला असता तर ते रडू थांबलं असतं. त्यानं तो शब्द सांगितला नाही. माणूस वाईट होतो तो असा, कुडाआड नुसता उभा राहून.

निघायच्या आदल्या दिवशी ती पाठीवर टाकायची थैली शिवत होती. पूर्वी लदेणीला, म्हणजे माल लादून, जाणाऱ्या बैलांवर असायच्या तशी, जाड भरतकामाची, कवड्या लावलेली. भावसिंग काहीतरी घ्यायला आत आला तशी तिनं सुईतला धागा दातानं तोडला आणि विचारलं, "भावसिंग, बाजारातून आल्यापासून तू मले काही इचारत नाही."

"काय इचारू?"

"आधी रोज इचारे. तो कसा हसे, कसा बोले. संक्रांतीच्या बाजारापासून एक दिस इचारलं नाही."

"सगळं इचारून झालं ना, भोजाई."

"झालं?" तिनं त्याच्याकडे पाहिलं. "हरवलेल्या मानसाचं इचारून होत नसते. ज्याले ठावठिकाणा लागला त्याचंच इचारून होते."

"मले काई मालूम नाही," तो म्हणाला, आणि नको तितक्या जोरानं म्हणाला.

जमनीनं थैली उलटी करून शिवण तपासली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच त्याला सोसेना. त्या चेहऱ्यावर माया होती, आणि ती माया कोणाची कोणासाठी हे ओळखण्याची त्याची हिंमत नव्हती. खरं सांगायचं तर तिलाही हा दीर परका नव्हता. त्या चुलीपाशीच्या संध्याकाळी तिच्याही होत्या.

संध्याकाळी नाल्यावर नानाजी भेटला. नव्या चपला तेलात भिजवून आणल्या होत्या. त्या भावसिंगला देत तो म्हणाला, "एक इचारू? राग नको धरू. हरिसिंग सापडला त तुले बरं वाटंन का?"

"काहून असं इचारतं?"

"मी तुह्या मांडीले मांडी लावून बसलो बाप्पा. छडी खातानी तुहं तोंड कसं होते ते मले माहीत हाय. आजकाल तुहं तोंड तसंच राह्यते."

भावसिंगनं चपला घेतल्या. "घट्ट होतात," एवढंच बोलला.

नानाजी मागे लागला नाही. कुणब्याच्या पोराला बी पेरल्यावर उकरून पाहायची सवय नसते.

सकाळी सगळा तांडा नायकाच्या झोपडीपुढे जमला. देवाला गोड शिऱ्याचा भोग चढवून झाला. डोंगरसिंगनं डोक्याला लाल फेटा बांधला होता आणि लाँचमध्ये उलटी होते का याची चौकशी ज्याला त्याला करत होता. नानाजी खांद्याला कंदील अडकवून आला. नायकानं तिघांच्या कपाळाला टिळा लावला. आणि मग बायकांचं रडणं सुरू झालं.

बंजारा बायकांचं रडणं गाण्यात असतं. कोणी दूर निघालं किंवा फार दिवसांनी भेटलं, की त्याच्या गळ्यात पडून सुरात रडायचं. त्याला ढावलो म्हणतात. त्यात बाई जे जे मनात आहे ते सगळं म्हणते आणि त्यात तिला कोणी मध्ये तोडत नाही, नायकसुद्धा नाही. फक्त पहिला शब्द नात्याचा. ज्या नात्यानं हाक मारली ते नातं तांड्यानं ऐकलं, मग ते रक्ताहून पक्कं. मोतीबाईनं तरुणपणी रडता रडता एका परक्या गाडीवानाला भाऊ म्हटलं, तर तो मरेपर्यंत दर दिवाळीला कांचळीचं, म्हणजे चोळीचं, कापड घेऊन येत होता.

आधी मोतीबाई रडली. लेकरा, माझा एक डोळा समुद्रानं नेला, दुसरा तू घेऊन चाललास, असं म्हणाली. डोंगरसिंगची बायको रडली. तिच्या रडण्यात शिव्याच अधिक होत्या, त्यामुळे लोक हसले. मग सगळ्यांनी जमनीला पुढे केलं. भावजय दिराला ढावलो म्हणते तेव्हा त्यात थट्टाही असते, आणि हिचा तर उद्या याच्याशीच पाट लागायचा. बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या.

जमनी आली. तिनं भावसिंगच्या खांद्यावर कपाळ टेकलं. तिचा श्वास त्याच्या मानेला लागत होता. त्याला वाटलं, ही अशीच उभी राहावी. मग तिनं सूर धरला.

"वीरा रे..."

वीरा म्हणजे भाऊ. पाठचा, आईच्या पोटचा.

कोपरं मारणाऱ्या बायका थांबल्या. एका म्हातारीनं "अगं" म्हणून तोंडावर पदर घेतला. नायकाची काठी जमिनीवर आपटली, पण शब्द निघून गेला होता आणि ढावलो तोडता येत नव्हता. जमनी म्हणतच राहिली. वीरा रे, माझ्या बापाला लेक झाला नाही, मला पाठीराखा दिला नाही. आज तांड्याच्या देखत तुला मागून घेतला. वीरा, बहिणीचा चुडा तुझ्या हाती आहे. शाबूत असेल तर घेऊन ये, फुटला असेल तर फुटला म्हण. पण वीरा रे, बहिणीला अंधारात बसवून जाऊ नको.

सूर शेवटी तुटला. ती मागे सरून मान खाली घालून उभी राहिली. आता भावानं बहिणीच्या डोक्यावर हात ठेवायचा, म्हणजे नातं घेतलं.

भावसिंग उभाच राहिला. सगळा तांडा त्याच्या हाताकडे पाहत होता. एका शब्दानं तिनं पाट मोडला होता, त्याच्यासाठी आणि स्वतःसाठीही. हरिसिंग मेला असेल तर आता या घरात तिला जागा उरणार नव्हती. हे तिला पुरतं माहीत होतं आणि तरीही तिनं हाक मारली होती. ज्या गोष्टीसाठी त्यानं भावाला जिवंतपणी पुरलं होतं, ती गोष्ट आता उरलीच नव्हती. खोटं तेवढं उरलं होतं. त्यानं हात उचलला.

त्यानं तो तिच्या डोक्यावर ठेवला.

"बाई," तो म्हणाला. बंजारी भाऊ बहिणीला बाईच म्हणतो. "तो जित्ता हाय."

मोतीबाईला आधी ऐकूच आलं नाही. "कोन? कोन जित्ता हाय?"

"हरी. पेणच्या खाली खाडीकाठी मिठागर राखते. एका पायाचा पंजा कापला. लाजेनं येत नाही." भावसिंग जमिनीकडे पाहून बोलत होता. "मी तुमाले पेण टाळून नेऊन राह्यलो होतो."

मोतीबाई होती तिथं खाली बसली. तिला हसू येत होतं की रडू, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. डोंगरसिंग जवळ आला. त्याचा लाल फेटा सुटून खांद्यावर आला होता.

"म्हून लाँच?" तो म्हणाला. "मले खेळन्यातली नाव दाखवून नाचवलं तू? आन् मी लेकाचा नाचलो!" त्यानं बाजूला थुंकलं. नानाजीनं फक्त भावसिंगकडे पाहायचं टाळलं, ते थुंकण्यापेक्षा जास्त लागलं.

जमनीनं मान वर केली. "कवा समजलं तुले?"

"संक्रांतीच्या बाजारात."

"होळीले मी रडत होती," ती म्हणाली. "तू कुडाआड उभा होता. मले तुहे पाय दिसत होते."

तिनं आपलं डोकं त्याच्या हाताखालून काढून घेतलं. मग आत गेली आणि बाहेर आली तेव्हा ती कवड्यांची थैली तिच्याच पाठीवर होती, कडोसरीला ओढणी खोचलेली.

"मीबी येतो," ती म्हणाली.

"कोठी?" नायक उभा राहिला. "तीन बाप्यांसंगं? समुद्राच्या मुलखात? दिरासंगं जाशीन अशी?"

"दीर कोठी हाय, नायक? तुमी सगळ्यायनं आयकलं ना. भावासंगं चालली मी. बहीण भावासंगं जाते, त्यात तांड्याले काय इचारायचं?" तिचा आवाज चढला नव्हता. "आन् बाईचं जानं नवं हाय का? तुमचा आजा मीठ आने तवा बैल कोन हाकलत होतं?"

नायकानं तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या समुद्राच्या सगळ्या सूचनांत या गोष्टीला सूचना नव्हती. पंच एकमेकांकडे पाहू लागले. कोणी आडवं आलं नाही. मोतीबाईनं मात्र उठून सुनेच्या हातात धोतराची घडी दिली आणि म्हणाली, "त्याले सांगजो, पाय नाही पाह्यत कोनी. आमी तोंड पाह्यतो."

जमनी निघाली. तिच्यामागून, अजून तोंडातल्या तोंडात शिव्या देत, डोंगरसिंग निघाला. नानाजी दोन पावलं गेला, थांबला, मागे आला आणि जागच्या जागी खिळलेल्या भावसिंगचं बोचकं त्यानं स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"चाल बे," तो म्हणाला. "पनवेलवरून जायचं हाय. लांब पडते."

नाला ओलांडून ते उमरखेडच्या रस्त्याला लागले. तांड्यातून बायकांचा सूर अजून ऐकू येत होता. जमनी सगळ्यांच्या पुढे होती आणि तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. भावसिंगच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. त्यानं ते पुसलं नाही, लपवलंही नाही. बहिणीला नवऱ्याच्या घरी पोचवायला निघालेला भाऊ रडला, तर त्याला कोणी नावं ठेवत नाही.